वळणावरचा सडा

"सर, गावानं काय झकास स्वागत केलंय! अख्ख्या वळणावर शेणाचा सडा घातलाय. वर ही एवढी रांगोळी. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण. रेंज आली की फोटो पाठवतो."

कमलाकर खिंडीतून बोलत होता आणि आनंदानं त्याचा आवाज चढला होता. माझ्या हातात चहाचा कागदी कप होता, तो मी तसाच खुर्चीवर ठेवला. "कुठलं वळण? साकवाच्या वरचं?" असं मी विचारेपर्यंत फोन कट झाला होता. खिंडीच्या पलीकडे रेंज नाही. तो आता बुलेटवरून उमरठला पोचणार आणि पहिल्या सायकलवाल्याच्या पुढे पुढे परत येणार. मधल्या वेळात त्याला कोणी काही सांगू शकत नव्हतं.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल प्लांटमध्ये बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. लोकांना वाटतं सेफ्टी ऑफिसर म्हणजे हेल्मेट घातलं नाही म्हणून ओरडणारा माणूस. ते खोटं नाही. पण खरं काम वेगळं असतं. एखादं काम सुरू होण्याआधी त्यात काय काय बिघडू शकतं, ते बसून लिहून काढायचं आणि मग एकेक गोष्ट खोडत जायचं. सगळं खोडून झालं की सही करायची. त्या रविवारी मी सही केली होती ती ट्रायथलॉनच्या सायकल मार्गावर.

ट्रायथलॉन म्हणजे तीन शर्यती एकापाठोपाठ एक. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकली की धावायचं. घड्याळ मध्ये थांबत नाही. आमच्या प्लांटमधल्या आणि महाड गावातल्या दहा-बारा वेड्यांनी मिळून ती पोलादपूरजवळ भरवली होती. पोहणं सावित्रीत घ्या, असं एका मुंबईकरानं सुचवलं. त्याला आम्ही नदीतल्या मगरी सांगितल्या. मग एका रिसॉर्टचा तलाव मिळाला. तलाव लहान, म्हणून प्रत्येकाला थोड्या थोड्या अंतरानं पाण्यात सोडायचं ठरलं. तिथून सायकलनं उमरठपर्यंत चढत जायचं, वळायचं, त्याच रस्त्यानं उतरायचं आणि मग धावायचं.

पोहताना माणूस दमला तर कडा धरता येते. धावताना पडला तर गुडघा फुटतो. सायकलवर तसं नसतं. शर्यतीच्या सायकलचं टायर अंगठ्याएवढं रुंद आणि दगडासारखं टणक असतं. रस्त्याला त्याचा जेवढा भाग टेकतो तेवढ्यावर सगळा भरवसा. बुटाच्या तळव्याला एक टणक खुंटी असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते. पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते. विसरलात तर उभ्या जागी आडवे व्हाल. त्यात काहींच्या हँडलवर पुढे दोन दांड्या असतात. त्यावर कोपरं टेकून माणूस खाली वाकतो, वारा कमी लागतो, वेग वाढतो. पण तेव्हा हात ब्रेकपासून लांब असतात. उतारावर आणि वळणावर त्या दांड्यांना हात लावायचा नाही, हा आमच्या सरावातला पहिला नियम होता.

सराव सहा महिने चालला होता. आम्ही सहा जण दर रविवारी आणि बुधवारी निघायचो. बिरवाडीच्या रस्त्यावर शिफ्टच्या बस सुटायची वेळ टाळायची, हा दुसरा नियम. कानात गाणी नाहीत. एकामागे एक. पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा. मागे लाल दिवा, भर दिवसासुद्धा. मी स्वतः सगळ्यात मागे असायचो, एक तर सगळ्यांवर लक्ष राहावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे मला त्याहून पुढे जाता येत नव्हतं म्हणून.

त्या सहांत प्रणाली होती. आमच्या क्यूसी लॅबमध्ये केमिस्ट, वय सत्तावीस. क्यूसी म्हणजे माल बाहेर जाण्याआधी तपासणारा विभाग. तिथली माणसं चिवट असतात आणि प्रणाली त्यांच्यातही वरचढ. आदल्या वर्षी सरावातच ती पडली होती. वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सरकलं, डाव्या खांद्यावर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं, प्लेट बसवली. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की त्याच खांद्यावर दुसऱ्यांदा पडलीस तर हात पुन्हा डोक्याच्या वर जाईल याची खात्री नाही. म्हणजे पोहणं संपलं. लॅबमध्ये वरच्या फळीवरची बाटली काढणंसुद्धा संपलं.

तिची आई महाडला शाळेत शिक्षिका. शर्यतीच्या आठ दिवस आधी त्या माझ्या घरी आल्या. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "सकपाळ साहेब, ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. मी तिला अडवत नाही. पण रस्ता तुम्ही बघणार ना?"

"मी बघणार," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," असं म्हणून त्या गेल्या. माझ्या नोकरीत मला अनेक साहेबांनी अनेक गोष्टी लिहून मागितल्या आहेत. या बाईंनी काहीच लिहून मागितलं नाही, त्याचं ओझं जास्त झालं.

आणि मी रस्ता बघितला होता. आदल्या दिवशी चौघांना घेऊन अख्खा मार्ग पायाखाली घातला. तीन वळणांवरची खडी खराट्यांनी झाडली. दोन खड्डे बुजवले. गुरांचे मालक गाठले, कुत्र्यांचे मालक गाठले. खिंडीतून उतरताना एक सरळ पट्टा लागतो, त्याच्या शेवटी साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाच्या, वर डावीकडे वळण, आणि वळणातच एक वाडी. वाडीचं नाव लिहीत नाही, त्यांना उगाच वाईट वाटेल. तिथे तात्यांना भेटलो. तात्या म्हणजे वाडीतले सगळ्यात जाणते, देवळाची किल्ली त्यांच्याकडे.

"तात्या, उद्या सकाळी सायकलवाले येतील. सातपासून दहापर्यंत गुरं बांधून ठेवा. पोरांना रस्त्यावर सोडू नका."

"लांबलांबचे पावणे येनार?"

"पुण्यामुंबईचेसुद्धा आहेत."

"तू काय काळजी करू नको रे. आमी बघतो."

मी यादीत त्या वळणापुढे बरोबरची खूण केली आणि निघालो. ते काय बघणार आहेत हे मी विचारलं नाही. गंमत म्हणजे मी याच तालुक्यातला. माझ्या घरी आजही आई रोज सकाळी अंगणात सडा घालते. कोणी मोठं माणूस येणार असलं की आमच्याकडे सडा दारापासून रस्त्यापर्यंत येतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण सेफ्टीची यादी करताना मी ते घरी ठेवून आलो होतो.

दुसरी चूकही माझीच. ठरल्याप्रमाणे पहिल्या सायकलच्या पुढे मी जायचं होतं, शेवटची नजर टाकायला. पण झेंडा दाखवायला आलेल्या पाहुण्यांना उशीर झाला. मोहिते साहेब, म्हणजे आमचे एचआर हेड आणि या शर्यतीचे मुख्य आयोजक, म्हणाले, "सकपाळ, फोटोला थांबा हो, बरं दिसत नाही." मी थांबलो आणि माझ्या जागी कमलाकरला पाठवलं. कमलाकर आमचा इलेक्ट्रिशियन, माणूस लाखात एक. त्याला मी सांगितलं होतं, रस्त्यात खड्डा, खडी, गुरं, काही दिसलं की फोन कर. सडा यातल्या कशातच बसत नव्हता. तरी त्यानं फोन केला, तो कौतुक सांगायला. तो केला नसता तर पुढचं लिहायला मी बसलोच नसतो.

मी मोहिते साहेबांना गाठलं.

"साहेब, आता एकही सायकल सोडू नका. पाण्यातून बाहेर येईल त्याला इथेच बसवा, वेळ लिहून ठेवा. मी निरोप पाठवीन तेव्हा सोडा."

"काय झालं?"

"वाडीच्या वळणावर ओला सडा आहे. वर रांगोळी."

त्यांनी मांडवाकडे बघितलं. पाहुणे पहिल्या रांगेत नारळपाणी पीत होते. "रांगोळीसाठी रेस थांबवायची? लोक हसतील हो आपल्याला."

"चढताना काही होणार नाही, तिथे सायकल चालण्याच्या वेगानं जाते. उतरताना पंचेचाळीसच्या वेगानं येतील. ओलं शेण आणि वर दगडाची पूड. तिथे चाक टिकणार नाही."

"आणि उद्या कोणी तक्रार केली तर?"

"सही माझी आहे. तक्रार माझ्या नावावर घ्या."

साहेबांनी सायकली ठेवल्या होत्या तिकडे चालत जाऊन स्वतः दोरी आडवी लावली. त्यांच्याबद्दल मला नंतर कितीही राग आला तरी ही एक गोष्ट मी विसरत नाही.

टेबलावरच्या कागदावर बघितलं. बारा जण सायकलवर निघून गेले होते. प्रणाली पाचवी सुटली होती, बायकांत पहिली. मी लाल झेंडा घेतला आणि स्कूटर काढली.

वाटेत चौघे भेटले. प्रत्येकाच्या शेजारून जाताना ओरडलो, "येताना वाडीच्या वर थांबायचं! लाल झेंडा!" तिघांनी मान हलवली. चौथ्यानं अंगठा दाखवला, पण त्याला काही कळलं असेल असं त्याच्या तोंडावरून वाटलं नाही. म्हणजे आठ जण वाडी ओलांडून वर गेले होते, आणि त्या आठांत प्रणाली होती. त्यांना उमरठला वळून वाडीपर्यंत उतरायला अजून पंधरा मिनिटं लागणार, असा माझा हिशेब होता.

वाडीत पोचलो आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. साठ-सत्तर पावलं रस्ता कडेपासून कडेपर्यंत हिरवट ओला चकाकत होता. मधोमध मोरांची रांगोळी, तिच्यात निळे पिवळे रंग, आणि मोठ्या अक्षरांत सुस्वागतम. तोरणात झेंडू. दोन्ही बाजूंना बायका इस्त्रीच्या साड्या नेसून, हातात ताट घेऊन उभ्या. जानेवारीतलं ऊन त्या वळणावर दहाच्या आधी पोचत नाही. दुपारपर्यंत तो सडा वाळणार नव्हता.

"काय रे, कसं झालंय?" तात्यांनी विचारलं. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी.

"तात्या, फार सुंदर झालंय. पण यावरून सायकल घसरणार. माणसं पडतील."

तात्यांचा चेहरा उतरला. शेवंताबाई पुढे आल्या. साठीच्या, कासोटा घट्ट खोचलेला, रांगोळीत त्यांचाच हात होता हे बोटांवरूनच कळत होतं. "आता गेली की आठ मान्सं हितनं. येक पन पडला नाय. येक पोरगी तर हात जोडून गेली."

"जाताना चढ हाय, मावशी. येताना उतार. भरधाव येतील."

"मंग काय पुसायचा? पाटं चारपासून बसलेत बाया."

मला वेळ नव्हता. मी प्लांटमध्ये करतो तेच केलं. तिथे फरशीवर तेल सांडलं की आम्ही कोरडी वाळू टाकतो. ओरडलो, "माती आणा, कोरडी माती!" दोघांनी घमेली भरली आणि रांगोळीच्या अलीकडे दोन घमेली माती विस्कटली. शेवंताबाईंनी तोंड फिरवलं. मी बुटानं दाबून बघितलं आणि माझा पाय सर्रकन गेला. फरशीवर माणूस चालतो, त्याला वाळू चालते. बारीक टायरला मातीचे कण म्हणजे खाली गोट्या अंथरल्यासारखे. ज्या खडीनं प्रणालीचं हाड मोडलं होतं तीच मी आता स्वतःच्या हातानं पसरत होतो. बावीस वर्षांचा अनुभव, आणि चार मिनिटं गेली ती या अनुभवापायीच.

"थांबा! नको माती!"

"पान्यानं धुवू," एक जण म्हणाला.

"अजून ओलं होईल."

"मंग वर दोर बांधू आडवा. थांबतील आपसूक," तात्या म्हणाले आणि कोणी तरी खरंच दोर आणायला पळालं.

"दोर अजिबात नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की ताटात निरांजन घेऊन उभी असलेली बाई दचकली. उतारावरून येणाऱ्या सायकलपुढे आडवं काही धरायचं नसतं. तो घाबरून ब्रेक दाबतो आणि उडतो. ज्याला थांबता आलं नाही त्याला सुटायला मोकळी जागा ठेवावीच लागते.

घड्याळात नऊ-दहा मिनिटं उरली होती. तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या, चिडूनच म्हणाल्या, "येवढा काय रे त्यात? शिमग्याला पालखी रस्त्यात आली की गाडीवाले काय करतात? उतरतात नि गाडी ढकलत नेतात. कोन बसून जातो का पालखीपुढनं? तसा उतरू दे यांना पन. चालत जाऊ दे रांगोळीवरनं. मान ऱ्हाईल आमचा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ट्रायथलॉनमध्ये सायकल संपते तिथे रेघ असते, त्या रेघेच्या अलीकडे उतरून सायकल हातात धरून न्यायची, असा नियमच आहे. फक्त ती रेघ इथे आणायची होती.

"मावशी, बरोबर बोललात. पण त्यांना कळायचं कसं? वळणाच्या आत आल्यावर झेंडा दिसून उपयोग नाही. वर, सरळ पट्ट्यावर थांबवायला हवं. बूट पेडलमधून सोडवायलासुद्धा वेळ लागतो त्यांना."

"पालखी येते ती कशी कळते?" शेवंताबाईंनी विचारलं आणि तात्यांकडे बघितलं. तात्या आधीच किल्ली काढत देवळाकडे निघाले होते.

ढोल दोन निघाले. आम्ही सगळे चढ चढून सरळ पट्ट्याच्या वरच्या टोकाला गेलो, वळणापासून दोनशे पावलं. मी सगळ्यांना रस्त्याच्या कडेच्या गवतात उभं केलं. डांबरावर कोणी पाय ठेवायचा नाही. पहिला ढोल वरच्या टोकाला, दुसरा पट्ट्याच्या मध्यावर. बायका मध्यापासून खाली दोन्ही कडांना, हात वर करून, तोंडानं एकच शब्द, उतरा. वळणाच्या आधी चाळीस पावलांवर मी चुन्याची रेघ मारली. कानात गाणी चालत नाहीत, या नियमाचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

तात्यांनी ढोलावर टिपरू मारलं आणि खिंड घुमली.

पहिला कमलाकरच आला. बुलेट थांबवून त्यानं "काय झालं सर?" विचारलं. मी त्याला रेघेजवळ उभं केलं आणि पोरं हाकलायला सांगितलं. त्याच्यामागे अर्ध्या मिनिटात पुण्याचा एक उंच गृहस्थ, काळी महागडी सायकल, दांड्यांवर कोपरं टेकलेली, नियम धाब्यावर. पण ढोल ऐकून त्यानं मान वर केली, हात ब्रेकवर आणले, वेग उतरवत उतरवत रेघेपाशी थांबला. उतरल्याबरोबर इंग्रजीत जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. शेवंताबाईंनी त्याला ओवाळलं. तो ओशाळला आणि चालायला लागला. दुसराही तसाच उतरला.

तिसरा महाडमधला कापड दुकानदार. हा आमचाच, मला दादा म्हणणारा. त्यानं वेग अगदी कमी केला, रेघेपाशी हळू झाला आणि म्हणाला, "दादा, उतरत नाही, सावकाश काढतो." मी नको नको म्हणत असतानाच तो सड्यावर गेला. चार हातांवर मागचं चाक बाजूला निघालं आणि हा थेट मोराच्या पिसाऱ्यात आडवा. वेग चालणाऱ्या माणसाएवढाच होता म्हणून कोपर खरचटण्यावर भागलं. तो हसत उठला. अंगाला निळा पिवळा रंग.

"आरे माज्या मोराची पार वाट लावलीस की रे!" शेवंताबाई ओरडल्या आणि त्याच दमात एकीला हळद आणायला पिटाळलं.

मला हसू आलं नाही. तोच वेग पंचेचाळीस असता तर तो मोरात थांबला नसता, पलीकडे साकवाच्या कठड्यावर गेला असता. आणि चौथा अजून यायचा होता, त्याच्यामागे प्रणाली.

चौथा नीट उतरला. मग वरचा ढोल पुन्हा जोरात वाजायला लागला आणि मला लाल हेल्मेट दिसलं. ती उतारावर चांगलीच वेगात होती. हात मात्र ब्रेकवर होते, दांड्यांना शिवलेले नव्हते. सरावात सहा महिने मी तेवढ्यासाठीच घसा फोडला होता. मधल्या ढोलापाशी तिनं ब्रेक दाबले, मागचं चाक एकदा डावीकडे झुललं. तिनं सायकल सरळ केली. टाच फिरवली, एक पाय सुटला, मग दुसरा. रेघेच्या दोन हात अलीकडे ती जमिनीवर उभी होती.

"सर, काय आहे हे?"

"चालत जा. डावीकडून. घाई करू नकोस."

"मी पहिली आहे! ती माझ्या मागे वीस सेकंदांवर आहे!"

"चालत जा, प्रणाली."

बुटाच्या तळव्याच्या खुंटीमुळे त्या बुटांनी नीट चालता येत नाही, धावायचं तर नावच नको. ती एकेक पाऊल टाकत, दात ओठ खात निघाली. मोराशेजारी हळद लावून घेत असलेला कापड दुकानदार तिला दिसला. तेवढ्यात मागची बाई आली, चिपळूणच्या कॉलेजात शिकवणारी. ती उतरली, एका क्षणात दोन्ही बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी, सायकल ढकलत, सड्यावरून धावत सुटली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रणालीच्या पुढे ती तिथेच गेली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली.

आठही जण उतरून गेले. वाडीत रेंज नव्हती, म्हणून मी कमलाकरला रिसॉर्टवर पाठवून मोहिते साहेबांना निरोप दिला, सायकली सोडा, पण प्रत्येकाला सांगून सोडा. त्या दिवशी एकोणचाळीस जणांनी ते वळण पायी ओलांडलं. जखमींच्या कागदावर एकच नाव, एक खरचटलेलं कोपर, औषधापुढे मी हळद असं लिहिलं.

तक्रारी चार आल्या, त्यातली एक प्रणालीची. तिचं म्हणणं, शर्यतीच्या मध्ये नियम बदलता येत नाही. मोहिते साहेबांनी निकाल दिला की नियम सगळ्यांना सारखाच होता, निकाल कायम. मला ते ऐकवताना त्यांनी हळूच विचारलंही, "खरंच गरज होती ना हो?" मी त्यांना कापड दुकानदाराचा शर्ट दाखवायला नेलं.

संध्याकाळी प्रणालीच्या आईचा फोन आला. मला वाटलं, आभार मानतील. खोटं कशाला बोला, मी वाटच बघत होतो.

"सकपाळ साहेब, दुसरा नंबर आला म्हणून दुपारपासून रडतेय," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी हाड मोडलं तेव्हासुद्धा इतकी रडली नव्हती." आणि मग त्या हसायला लागल्या. बराच वेळ हसत होत्या. मध्येच त्यांचा आवाज बदलला आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

प्रणाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ताट घेऊन समोर येऊन बसली.

"मी त्या वळणावर पूर्ण वेगात आले असते, सर."

"हो."

"डाव्या खांद्यावरच गेले असते. वळणच डावीकडे आहे."

"बहुतेक."

तिनं आमटीत पोळी बुडवली. "मग तेवढं सांगितलंत, तर बूट काढून धाव असंही सांगायचं होतं ना!" ती डाव्या हातानं वरच्या फळीवरचा पाण्याचा जग काढायला उठली आणि मी जेवण थांबवून बघत राहिलो. हात सरळ वर गेला.

यंदा पुन्हा शर्यत आहे, त्याच रस्त्यावर. या वेळी मी आठ दिवस आधी प्रत्येक वाडीत गेलो आणि गुरांचं बोलण्याआधी एकच विचारलं, पाहुणे येतील तेव्हा तुम्ही काय करणार? एका वाडीत फटाक्यांची माळ लावणार होते. एका शाळेत मुलं चाकांवर फुलं उधळणार होती. एक आजोबा चालत्या सायकलवाल्याच्या गळ्यात हार घालायचा सराव करत होते. मी सगळं लिहून घेतलं आणि प्रत्येकाला डांबराच्या बाहेरची जागा दाखवली. वळणावरच्या वाडीत शेवंताबाई म्हणाल्या, "आमी काय नाय करनार. गप उभ्या ऱ्हाऊ." ते मला अजिबात बरं वाटलं नाही. अर्धा तास बसून, चहा पिऊन, मी त्यांना देवळासमोरचं अंगण मोराला मिळवून दिलं.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात की अपघात निष्काळजीपणानं होतात. होतही असतील. पण मी ज्या अपघातापासून थोडक्यात वाचलो तो पहाटे चारला उठून, खूप काळजीनं तयार केलेला होता. तेव्हापासून माझ्या यादीत खड्डे, खडी, गुरं यांच्याही वर एक ओळ आहे, गावकरी काय करणार आहेत ते विचारणे. त्यापुढे मी नुसती बरोबरची खूण करत नाही. उत्तर पूर्ण लिहितो, मगच सही.